मूल केवढं झालं की थीम पार्क?

आपल्याकडच्या बहुतेक थीम पार्कांत तिकीट खिडकीवर मुलाचं वय विचारत नाहीत. तिथे भिंतीवर एक पट्टी रंगवलेली असते, मुलाला तिच्याशी पाठ लावून उभं करतात. ८५ सेंटिमीटरच्या आत असेल तर फुकट, त्याच्या वर साधारण १४० सेंटिमीटरपर्यंत लहानांचं तिकीट, पुढे मोठ्यांचं. आकडे पार्कागणिक थोडे इकडेतिकडे होतात, पद्धत हीच. या पट्टीपाशी पाच मिनिटं थांबलं तरी करमणूक होते. खिडकीवर आई हळूच म्हणते, "जरा पाय सैल सोडून उभा राहा रे." आत गेल्यावर मोठ्या राइडच्या पट्टीपाशी तोच मुलगा टाचा उचलून, मान ताणून, केस फुगवून उभा असतो.

अमेरिकेत डिस्नेचा हिशेब वयावर चालतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांचं मूल लहान, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्या माणसाचं तिकीट. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये मात्र लहानांचं तिकीट चार ते अकरा वर्षांपर्यंत चालतं, पॅरिस आणि हाँगकाँगमध्ये तीन ते अकरा. म्हणजे फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये मोठ्यांचे पैसे मोजणारा दहा वर्षांचा मुलगा टोकियोत विमानातून उतरला की पुन्हा लहान होतो. यात बालमानसशास्त्र वगैरे काही नाही, गल्ल्याचं गणित आहे. पण याच गणितावर आईवडिलांचे बेत ठरतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतही 'तिसरा वाढदिवस व्हायच्या आत ऑरलँडो उरकून घेऊ' असा विचार होतोच, आणि इकडून सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा त्या बेतात ओढले जाऊन दिवसभर बाबागाडी ढकलतात. आपल्याकडचं ८५ सेंटिमीटरचं मूल म्हणजे साधारण दोन वर्षांचं. दोन्हीकडे फुकट प्रवेश मिळतो तो अशा वयाला, ज्या वयाला या जागेचा सगळ्यांत कमी उपयोग आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या भेटीसाठी सहा ते आठ हे वय उत्तम, आणि त्यातही सात. पहिली-दुसरीतलं मूल. पाचच्या आत नेऊ नये असं नाही, पण मग ती सहल आपल्या हौसेची आहे हे मनाशी कबूल करून न्यावं.

पहिला प्रश्न आठवणीचा. "एवढे पैसे घालून नेलं आणि त्याला काही आठवतच नाही" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. गंमत म्हणजे याच विषयावर, तेही थेट डिस्ने वर्ल्डच्या सहलीवर, संशोधन झालेलं आहे. नीना हॅमंड आणि रॉबिन फिवुश या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तीन-चार वर्षांची असताना डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांना त्यांनी सहा महिन्यांनी किंवा दीड वर्षाने त्या सहलीबद्दल विचारलं. मुलांना भरपूर आठवत होतं, आणि बहुतांशी बरोबर आठवत होतं. दीड वर्षानंतरही. तीनची असताना गेलेली आणि चारची असताना गेलेली, यांच्या आठवणींच्या संख्येत फारसा फरक नव्हता. थोडी मोठी मुलं तपशील अधिक सांगत आणि न विचारता सांगत, एवढंच. ज्यांच्या घरी त्या सहलीबद्दल वारंवार बोलणं व्हायचं, त्यांना अधिक आठवत होतं.

हे वाचून तीन वर्षांच्या मुलाचे आईबाबा खूश होतील. त्यांनी थोडं थांबावं. आठवण तयार होणं वेगळं आणि ती टिकणं वेगळं. २०१४ मध्ये पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची मुलं आईशी घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल काय बोलतात, हे त्यांनी आधी टिपून ठेवलं होतं. पुढे त्याच मुलांना त्याच प्रसंगांबद्दल पुन्हा विचारलं. कुणाला पाचव्या वर्षी, कुणाला सहाव्या, असं नवव्या वर्षापर्यंत. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हा आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास घसरला. आपल्याला मोठेपणी तीनच्या आधीचं जवळपास काहीच का आठवत नाही, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. त्या आठवणी कधी झाल्याच नाहीत असं नाही. झाल्या होत्या, सात-आठच्या सुमारास गळून गेल्या. सात वर्षांच्या मुलाची आठवण या गळतीतून बऱ्यापैकी सुटते, कारण तोवर त्याला घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येते: आधी काय झालं, मग काय झालं, कुणाला भीती वाटली, कोण रडलं. अशी सांगता येणारी गोष्ट टिकते.

आणि जे टिकतं तेही जपूनच घ्यावं. कॅथरिन ब्राउन, ऱ्हिअॅनन एलिस आणि स्मृतीच्या अभ्यासासाठी गाजलेल्या एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २००२ मध्ये एक खोडसाळ प्रयोग प्रसिद्ध केला. डिस्नेलँडची खोटी जाहिरात बनवून त्यांनी मोठ्या माणसांना दाखवली. तीत बग्ज बनी हा ससा पाहुण्यांचं स्वागत करत होता. नंतर काही जण सांगू लागले की हो, लहानपणी डिस्नेलँडला आम्हालाही तो ससा भेटला होता, आम्ही त्याच्याशी हात मिळवला होता. बग्ज बनी आहे वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नेच्या दारात तो उभा असणं शक्यच नाही. तेव्हा 'मला सगळं आठवतं' म्हणणाऱ्या मुलाला प्रत्यक्षात मोबाइलमधले फोटो आठवत असतील, याची तयारी ठेवावी.

आता कुणी म्हणेल, आठवण राहिली पाहिजे असा आग्रह कशाला? त्या दिवशी मूल हसलं, बस झालं. खरं आहे. पण दोन वर्षांचं मूल बागेतल्या घसरगुंडीवर तेवढंच हसतं, आणि तिथून घरी यायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि या बाबतीत मोठी माणसं मुलांना फार चुकीचं ओळखतात. पार्कात मोठ्या डोक्याचा, पांढरे हातमोजे घातलेला कुणी प्राणी समोर येतो. आई म्हणते, "जा ना, शेकहँड कर." मूल आईच्या मांडीत तोंड खुपसतं, नाहीतर भोकाड पसरतं. आपण म्हणतो लाजतंय, भित्रं आहे. ऱ्हेटा डी व्रीज या संशोधिकेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. तिच्याकडे मेनार्ड नावाचं गरीब स्वभावाचं मांजर होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ते आधी दाखवलं, कुरवाळू दिलं. मग त्याचा पुढचा अर्धा भाग पडद्याआड नेऊन त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग पूर्ण वेळ मुलांच्या डोळ्यांसमोर होता. मुखवट्यासकट मांजर बाहेर आलं तेव्हा तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या लेखी ते आता कुत्रं झालं होतं. नुसतं दिसायला नव्हे, आतूनसुद्धा. काही जण त्याच्यापासून लांब सरकले. सहा वर्षांच्या मुलांना मात्र पक्कं ठाऊक होतं की मांजर ते मांजरच, वर मुखवटा आहे.

याचा अर्थ असा, की मिकीच्या पोशाखात आत माणूस आहे हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्यासमोर खरोखरच माणसाएवढा उंदीर उभा आहे. आपल्यासमोर उभा राहिला तर आपणही मांडी शोधू. अंधाऱ्या राइडमधल्या राक्षसाचंही तेच. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 'राजासॉरस' या डायनासोरची नावेतून फिरवणारी राइड आहे. हा प्राणी खरा, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून त्याला २००३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. आठ वर्षांचं मूल हे ऐकून हरखून जातं आणि घरी आल्यावर डायनासोरची पुस्तकं मागतं. चार वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की अंधारात काहीतरी ओरडलं आणि बाबांनी आपल्याला मुद्दाम इथे आणलं. पुढचे आठ दिवस रात्री दिवा चालू ठेवावा लागतो.

मधलं एक सुंदर वय आहे: पाच ते सात. आत माणूस आहे हे मुलाला समजलेलं असतं, तरी त्याला मिकीवर विश्वास ठेवायचा असतो. ते जाणूनबुजून खेळात सामील होतं. नऊ-दहाव्या वर्षी मूल त्याच मिकीच्या पाठीवरची चेन शोधतं.

तिसरी गोष्ट शरीराची. राइडवर वयाची नव्हे, उंचीची अट का असते, हे समजून घेण्यासारखं आहे. बसणाऱ्याला जागेवर धरून ठेवतो तो मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारं जोखड. ते ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. गाडी टेकडीच्या माथ्यावरून खाली सुटते तेव्हा शरीर आसनावरून उचललं जातं. त्या क्षणी दांड्याने मांडी दाबून धरली नसेल तर बारीक चणीचं मूल खालून सटकू शकतं. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर धोका वाढतो, कारण दांडा अडतो तो शेजारच्या बाबांच्या पोटावर. मुलाच्या मांडीवर चार बोटं जागा रिकामीच राहते, आणि आपण समजतो की शेजारी बसलोय म्हणजे मूल सुरक्षित आहे. म्हणून पट्टीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नये. "एक सेंटिमीटरने काय होतं हो" म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. आणि गावच्या जत्रेतल्या पाळण्यांवर अनेकदा अशी पट्टीच नसते, तेव्हा तिथे ती आपण व्हायचं असतं.

हे आकडे वयाशी कसे जुळतात? पाच वर्षांचं मूल साधारण १०८-११० सेंटिमीटर, सात वर्षांचं १२० च्या आसपास, १४० गाठायला दहा-अकरा उजाडतं. पाच ते अठरा वयाच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर त्या कामात अग्रभागी होते. बालरोगतज्ज्ञाच्या भिंतीवरचा तो तक्ता पाहिला तर कळतं की एकाच वर्गातल्या दोन निरोगी मुलांत १५ सेंटिमीटरचा फरक सहज असतो. म्हणून 'शेजारच्या सोहमला बसू दिलं, मग आपल्याला का नाही' हा वाद घरीच मिटवून निघावं. फ्लोरिडातल्या डिस्नेत 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' या सौम्य गाडीला ९७ सेंटिमीटर लागतात, 'स्पेस माउंटन'ला ११२, तर 'ट्रॉन'ला १२२. सात वर्षांच्या मुलाला यातलं बहुतेक सगळं उघडं होतं, थोडं राहतं. ते राहिलेलंच बरं, पुढच्या खेपेला कामाला येतं.

उलट्या बाजूने मात्र उंची फसवते. चार वर्षांचं धिप्पाड मूल पट्टी ओलांडतं, दारावरचा माणूस आत सोडतो, आणि आपल्याला वाटतं परवानगी मिळाली म्हणजे झेपेल. पट्टी फक्त एवढंच सांगते की दांडा बसेल. मध्येच घाबरून ते उठायला बघेल का, हे ती सांगत नाही. ते आईबापांनाच ठरवावं लागतं.

पोटाचं आणखी वेगळंच आहे. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांत क्वचित दिसतो, पुढे वाढत जातो आणि नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो. नंतर हळूहळू कमी होतो. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या एक सांगतात, डोळे दुसरंच सांगतात, आणि मेंदू गोंधळला की पोट ढवळतं. म्हणजे पार्कासाठी नेमकं योग्य असलेल्या वयातच ओकारीचा त्रासही वाढीला लागलेला असतो. खंडाळ्याच्या घाटात पिशवी लागणाऱ्या मुलाला गोल गोल फिरणाऱ्या कपबशीत आणि हलत्या खुर्चीवर बसून पडदा बघायच्या राइडमध्ये आधी घालू नये. सरळ धावणारी, वरखाली होणारी गाडी त्यामानाने सोसते. आणि जाताना एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये वडापावची दुसरी प्लेट मागवू नये.

उन्हाचं फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असून सगळेच मे महिन्यात जातात. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे भर उन्हात त्याचं अंग आपल्याहून लवकर तापतं, आणि खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. पाचच्या आतल्या मुलाची दुपारची झोपही अजून पुरती सुटलेली नसते. दुपारी तीनच्या सुमारास कोणत्याही पार्कात जी रडारड ऐकू येते, ती राइडच्या भीतीची कमी आणि मोडलेल्या झोपेची जास्त.

वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँडच्या कल्पनेबद्दल एक आठवण सांगून ठेवली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात तो दोन्ही लेकींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवून आणायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तेव्हा त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी. कल्पना चांगलीच होती. फक्त १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडचं दार उघडलं तेव्हा थोरली डायन २१ वर्षांची होती आणि धाकटी शेरन १८ ची. तेव्हा योग्य वय हुकलं म्हणून हळहळणाऱ्या आईबापांनी फार मनाला लावून घेऊ नये.

घरात चार आणि अकरा वर्षांची दोन मुलं असतील तर काय? इथे सोपं उत्तर नाही. बहुतेक घरं धाकट्याच्या तालावर चालतात आणि थोरला दिवसभर बदकांच्या पाळण्यापाशी कुढत उभा राहतो. मोठ्या पार्कांत यावर तोड आहे. डिस्नेत तिला 'रायडर स्विच' म्हणतात: एक पालक थोरल्याला घेऊन बसतो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडे दारावरच्या माणसाला नीट विचारलं तर कधी कधी सोय होते. नाहीतर धाकट्याला आजीकडे ठेवून थोरल्याला एकट्याला न्यावं. धाकटा चार वर्षांचा आहे. संध्याकाळपर्यंत विसरेल.

दहा-अकराच्या पुढे चित्र पालटतं. थराराची भूक या वयापासून वाढत जाते आणि पौगंडावस्थेत जोरात असते, हे मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे. तेरा वर्षांच्या मुलीला आईबाबांबरोबर पार्कात जायचंच नसतं, मैत्रिणींबरोबर जायचं असतं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. आज चाळिशीत असलेले कितीतरी मुंबईकर तिथे पहिल्यांदा गेले ते शाळेच्या सहलीतून, खाडी ओलांडणाऱ्या बोटीत बसून, डब्यात बटाट्याची भाजी-पोळी घेऊन. त्यांना आज राइडची नावं आठवत नाहीत. कोण ओकलं, कोण रडलं, कुणी रांग मोडली आणि बाई कुणावर ओरडल्या, ते नावानिशी आठवतं. तेव्हा दुसरी भेट बारा-तेराव्या वर्षी, मित्रांच्या घोळक्यात होऊ द्यावी आणि आपण गेटपाशी चहा पीत बसावं.

जाणार असाल तर काही साध्या गोष्टी. आदल्या दिवशी दाराच्या चौकटीवर मुलाची उंची मोजा, पार्काच्या साइटवरच्या अटींशी ताडून पाहा आणि कशात बसता येणार नाही हे मुलाला घरीच सांगून टाका. दारात कळलं तर अपमान होतो. शक्यतो डिसेंबर-जानेवारीतला मधला वार धरा. शाळेचा एक दिवस बुडाला तर चालेल. पावसाळ्यात खोपोलीकडे जाऊ नका असं नाही, पण विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात हे धरून चला. आईबाबांचा मोबाइल नंबर मुलाला तोंडपाठ असू द्या, आणि हरवलं तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं हे शिकवून ठेवा. सुरुवात लहान राइडपासून करा. आणि रांगेच्या अगदी टोकाला पोचल्यावर मूल "नको" म्हणालं, तर मागच्यांना "सॉरी" म्हणून त्याला बाहेर घेऊन या. पाऊण तास फुकट गेला म्हणून त्याला आत ढकलू नका.